घरात कोणी नाही

इंग्लंडमध्ये, रेडिंगमधलं हे घर आम्ही २०१९ मध्ये घेतलं, तेव्हा स्वयंपाकघरात बॉयलरशेजारी भिंतीवर बशीएवढी एक पांढरी चकती होती. तिच्या कडेने ९६ बारीक पिना. एक पिन म्हणजे पंधरा मिनिटं. जेवढा वेळ घर गरम हवं तेवढ्या पिना नखाने आत ढकलायच्या, बाकीच्या बाहेर ठेवायच्या. चकती चोवीस तासांत एक फेरी मारायची आणि ढकललेल्या पिना आल्या की बॉयलर 'भप्प' करून पेटायचा. बिचारीला शनिवार-रविवार कळत नसे. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं तासाने मागे जातात, तेही कळत नसे. त्यात एकदा वीज गेली, ती परत आली, चकती जिथे थांबली होती तिथूनच पुढे चालू लागली, आणि आठवडाभर आमचं घर रात्री नऊऐवजी पहाटे तीनपर्यंत तापत राहिलं. आम्हाला वाटलं, बाहेरची थंडी कमी झाली.

भारतातल्या वाचकांसाठी थोडं मागून सांगते. 'तुमच्याकडे हीटर असतो ना?' असं मावशी विचारते तेव्हा तिच्या डोळ्यांसमोर लाल झालेली कॉइल असते. इथलं सेंट्रल हीटिंग म्हणजे घरभर फिरणारं गरम पाणी. एका कोपऱ्यात गॅसचा बॉयलर, त्यातून निघालेल्या नळ्या प्रत्येक खोलीतल्या खिडकीखालच्या लोखंडी रेडिएटरमध्ये जातात, पाणी निवून परत येतं, पुन्हा तापतं. माझी आई साताऱ्याहून पहिल्यांदा आली तेव्हा तिने बॉयलरकडे दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाली, "अगं, हा तर बंबच." बरोबर होतं तिचं. मधे जाळ, भोवती पाणी, वरून धूर बाहेर. फक्त ढलप्या घालायला पहाटे कोणी उठत नाही. बंबाला घालणारा माणूस लागतो. या बंबाला ते काम घड्याळ आणि थर्मोस्टॅट, म्हणजे घर हवं तेवढं तापलं की बॉयलर थांबवणारं यंत्र, हे दोघे करतात. आणि हा माणूस कसा निवडायचा, हाच आमच्या घरातला २०२२ च्या पावसाळ्यानंतरचा मोठा प्रश्न होता. (पावसाळा इथे बाराही महिने असतो, पण महिने मोजायची सवय जात नाही.)

त्या वर्षी प्रश्न मोठा झाला त्याला कारण गॅसचा भाव. २०२१ च्या ऑक्टोबरात एका युनिटला चार पेन्सच्या आसपास पडत होते, पुढच्या ऑक्टोबरात दहाच्या वर. आमच्या घरात कडाक्याच्या दिवशी मीटर आठ घनमीटर फिरतो. एक घनमीटर म्हणजे साधारण अकरा युनिट. हिशेब करा: दिवसाला नऊ पौंड, तेव्हाच्या भावाने नऊशे रुपये, नुसतं घर उबदार ठेवायला. वर्तमानपत्रात रोज तेच, ऑफिसात तेच, आमच्या जेवणाच्या टेबलावरही तेच.

मी इंजिनियर, त्यामुळे नवऱ्याने हे खातं माझ्याकडे सोपवलं. दुकानात गेलं की आधी डोळ्यांत भरतं ते रंगीत काचेचं गोल यंत्र, जे फोनवरून चालतं. ते घ्यायच्या आधी आपल्या घरात काय आहे हे बघायला हवं, आणि इथेच बरेच जण फसतात. आमचा कॉम्बी बॉयलर, म्हणजे नळ सोडला की तेव्हाच पाणी तापवून देणारा. त्याला फक्त हीटिंगचं एकच खातं सांभाळणारं यंत्र पुरतं. आमच्या एका मित्राकडे वरच्या कपाटात गरम पाण्याची टाकी आहे. त्याने सवलतीत मिळालं म्हणून एकाच खात्याचं यंत्र आणलं, आणि हीटिंग फोनवर, पाणी जुन्या चकतीवर, असा संसार सहा महिने केला. टाकी असेल तर दोन खात्यांचं घ्यायचं.

दुसरी गोष्ट बॉयलरशी बोलण्याची. साधा थर्मोस्टॅट बॉयलरला दोनच शब्द सांगतो: पेट, विझ. म्हणजे दूध मोठ्या आचेवर ठेवायचं, वर आलं की गॅस बंद, बसलं की पुन्हा मोठा. शहाणा थर्मोस्टॅट आच मंद करायला सांगतो. आजचे बॉयलर धुरातल्या वाफेचं पाणी करून तिचीही उष्णता काढून घेतात, पण परत येणारं पाणी ५५ अंशांच्या खाली असेल तरच ते नीट जमतं. म्हणून मंद आच फायद्याची. अडचण अशी की ही भाषा सगळ्यांची एक नाही. ओपनथर्म नावाची एक सामाईक भाषा आहे, पण व्हॅलिअंटची ईबस, वूस्टर बॉशची ईएमएस, अशी ज्याची त्याची बोली. फोनवरून चालणारं महागडं यंत्र घेतलं आणि आपल्या बॉयलरशी ते 'पेट-विझ'च बोलत असेल, तर पैसे काचेचे गेले. इंग्लंडमध्ये एप्रिल २०१८ पासून नवा कॉम्बी बसवताना असलं काहीतरी हुशार साधन सोबत बसवणं बंधनकारक आहे, पण कुठलं, ते बसवणारा त्याच्या सवयीने ठरवतो. आपण विचारलं तर सांगतो. विचारायचं.

आणि एक फुकटची गोष्ट, जी यंत्र घ्यायच्याही आधी करता येते: बॉयलरच्या तोंडावर रेडिएटरच्या पाण्याचं तापमान ठरवायचं बटण असतं. आमचं पंचाहत्तरवर होतं. मी साठवर आणलं. घर तापायला थोडा जास्त वेळ लागतो, एवढंच. (टाकीवाल्यांनी हे आपल्या माणसाला विचारून करावं, साठवलेलं पाणी ६० अंशांपर्यंत तापायला हवं, नाहीतर त्यात जंतू वाढतात.)

प्रत्येक रेडिएटरला फोनवरून चालणारी वेगळी झडप बसवायची टूम आहे. खोलीखोलीचं तापमान वेगळं. आमच्याकडे नऊ रेडिएटर. एकेक पन्नास पौंडांच्या घरात, प्रत्येकात दोन सेल. नवऱ्याचे डोळे चमकले होते. मी नाही म्हटलं. साधी एक ते पाच आकड्यांची फिरकी प्रत्येक रेडिएटरला होतीच, ती हाताने फिरवायला पैसे पडत नाहीत. मात्र ज्या खोलीत थर्मोस्टॅट, तिथल्या रेडिएटरची फिरकी पूर्ण उघडी ठेवायची. आम्ही पहिल्या हिवाळ्यात बोळातली बंद केली होती, थर्मोस्टॅटही बोळात. बोळ काही तापेना, थर्मोस्टॅट काही थांबेना, आणि वरच्या खोल्यांत आम्ही पांघरूण फेकून झोपत होतो.

शेवटी घेतलं ते बिनतारी. खोलीत कुठेही ठेवता येणारं छोटं गोल यंत्र, बॉयलरशेजारी त्याचा जोडीदार. बसवायला गॅस सेफ नोंदणीचा, म्हणजे गॅसचं काम करायचा परवाना असलेला माणूस आला, चकती काढून खिशात घालू लागला. मी मागून घेतली. अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, पिनांसकट.

आई दिवाळीला आली आणि नाताळ बघूनच जाईन म्हणाली. तिच्यासाठी आम्ही बैठकीतल्या कपाटावर देव मांडले. थर्मोस्टॅटही त्याच कपाटावर होता, कारण भिंतीवरचा टीव्ही, खिडकीतलं ऊन आणि रेडिएटर या तिन्हींपासून लांब अशी तेवढीच जागा. दोन सकाळी लागोपाठ घर गार. फोनवर बघावं तर २४ अंश. कुठून आले २४? तिसऱ्या दिवशी मी चहा घेऊन तिथेच उभी राहिले. आईने निरांजन लावलं, उजव्या हाताला सरकवून ठेवलं, थर्मोस्टॅटपासून वीतभर. यंत्राच्या मते घर छान तापलं होतं. देव हलवायचे नाहीत, हे ठरलेलंच. थर्मोस्टॅट पुस्तकांच्या फळीवर गेला.

ते निभावलं. पुढचं नाही निभावलं.

या यंत्रांची सगळ्यात जाहिरात होते ती एका सोयीची: फोन घराबाहेर गेला की हीटिंग आपोआप खाली, फोन परतीच्या वाटेला लागला की आपोआप वर. आम्ही ती चालू केली होती. माझा फोन, नवऱ्याचा फोन. डिसेंबरच्या मध्यात थंडीची लाट आली, दिवसाही बाहेर शून्याच्या आसपास. त्या गुरुवारी मी लंडनच्या ऑफिसात, नवरा स्विंडनला, लेक शाळेत. दुपारी तीन वाजता सहज फोन उघडला. पडद्यावर एक रिकामं घर काढलेलं, खाली लिहिलेलं: घरात कोणी नाही. आणि आकडा: १४.८.

मी फोन लावला.

"आई, गार नाही का वाटत?"

"वाटतंय जरा. शाल घेतलीय. मघाशी चहा ठेवला तेव्हा गॅसपाशीच उभी राहिले."

"अगं, मग फोन का नाही केलास?"

"तू कामात असशील. आणि मला वाटलं, बिल फार येतंय म्हणता ना तुम्ही. दुपारचं घरात कोणी नसताना कशाला जाळायचं, म्हणून बंद करून गेला असाल."

ती सकाळी आठपासून त्या घरात होती. सात तास. मी तिथूनच फोनवर २१ केलं, खालच्या मजल्यावर पाण्याचा आवाज सुरू झाला तो तिने मला फोनवरच ऐकवला, 'आला बघ तुझा बंब' म्हणून. उरलेल्या दोन मीटिंगांत काय झालं ते मला आठवत नाही.

चूक यंत्राची नव्हती. त्याला फोन मोजायला सांगितलं होतं, त्याने फोन मोजले. आईच्या फोनमध्ये भारतातलं सिम आणि वायफायवर व्हॉट्सॲप. तो आमच्या यादीत घालायचं आम्हा दोन शिकलेल्या माणसांना सुचलं नाही. त्या रात्री मी ती सोय कायमची बंद केली. आता साधं आठवड्याचं वेळापत्रक आहे: सकाळी सहाला १९, रात्री दहाला १६. म्हणजे पिनांच्या चकतीनेही केलं असतं तेच, फक्त शनिवार-रविवार कळणारं.

मग आईला ते गोल यंत्र फिरवायला शिकवलं. दुसऱ्या दिवशी घरी आले तर आकडा २८ वर. "लवकर तापावं म्हणून," ती म्हणाली. तिला ते पंख्याच्या रेग्युलेटरसारखं वाटत होतं: पाचवर टाकलं की जोरात. हसू नका, आपण सगळे एसीचा रिमोट १६ वर याच समजुतीने नेतो. थर्मोस्टॅट कुठे थांबायचं ते सांगतो. २१ केलं काय आणि २८ केलं काय, पेट-विझवर चालणारं घर २१ पर्यंत तितक्याच वेळात पोचतं; २८ वर ते थांबतच नाही एवढाच फरक. मी फोनवरून वरची मर्यादा २२ ठेवली. तिला ते सांगितलंही. ती म्हणाली, "बावीस पुष्कळ झाले, साताऱ्यात थंडीत एवढं कुठे असतं."

फोनवाल्या यंत्रांबद्दल आणखी एकच. २०२५ च्या ऑक्टोबरात गुगलने आपल्या 'नेस्ट' थर्मोस्टॅटच्या सुरुवातीच्या पिढ्यांचं फोनशी नातं तोडलं. भिंतीवर ती अजून हाताने फिरतात, पण दुरून चालत नाहीत. बॉयलर पंधरा वर्षं टिकतो, कंपनीचा उत्साह तेवढा टिकेलच असं नाही. म्हणून घेताना मी एकच बघते: इंटरनेट गेलं, फोन हरवला, तरी ते हाताने चालतं का?

दुरून चालवायची सोय मला खरी उपयोगी पडते ती भारतात आल्यावर. हिवाळ्यात घर तीन आठवडे बंद असेल तर नळ्या गोठून फुटायची भीती, आणि घराच्या विम्यातही थोडंफार हीटिंग चालू ठेवायची अट असते. मागच्या जानेवारीत आम्ही साताऱ्याला होतो. पहाटे आई परसात बंब पेटवत होती. गिझर आहे, पण थंडीत तिला बंबच लागतो. मी ढलप्या पुढे करत एका हाताने फोन बघत होते.

"काय बघतेस?"

"रेडिंगचं घर. दहावर ठेवलंय."

तिने फुंकणी खाली ठेवली. "तिथे आत्ता कोणी आहे?"

"नाही."

"नक्की?"

"नक्की."

"मग दहा पुरे," म्हणाली, आणि पुन्हा फुंकायला लागली.