आवाज कमी केला कोणी?

परवा आमटीला फोडणी घालत होते. ओट्यावरच्या फळीवर ठेवलेला स्पीकर चांगला रंगात आला होता. गाणं समेवर यायच्या बेतात होतं आणि आवाज एकदम खाली गेला. बंद नाही पडला, शेजारच्या बिऱ्हाडात लागलेलं गाणं ऐकू यावं इतका बारीक झाला. मी स्पीकरला हातही लावला नव्हता. एका हातात हिंगाची डबी, दुसऱ्यात चमचा, कढईत मोहरी तडतडतेय. मान तिरकी करून बाहेर पाहिलं तर हे सोफ्यावर मांडी घालून टीव्हीसमोर बसलेले. उजव्या हातात रिमोट आणि चेहरा नुकत्याच न्हाऊ घातलेल्या बाळासारखा.

हे सगळं चिरंजीवांचं काम. दिवाळीत जर्मनीहून आला तेव्हा येताना चार छोटे स्पीकर घेऊन आला. एक हॉलमध्ये, एक स्वयंपाकघरात, एक सासूबाईंच्या खोलीत आणि एक त्याच्या स्वतःच्या. पहिले दोन महिने सगळा कारभार माझ्या फोनवरून चालायचा. त्यात एकच गोची होती. फोन माझा, म्हणून घरातलं संगीतही माझ्या पर्समध्ये. मी भाजीला गेले की सासूबाईंचा हरिपाठ लागायचा नाही, आणि लागलेला असला तर यांना तो थांबवता यायचा नाही. मी मेथीची जुडी निवडतेय आणि घरून फोन येतोय, "अगं, ते जरा बारीक कर ना!" मंडईत उभं राहून कोथरूडमधल्या घराचा आवाज कमी करायचा म्हणजे काय ते मला विचारा.

शेवटी मुलानं व्हिडिओ कॉलवरून तासभर डोकं खाऊन टीव्हीला लावलेल्या डबीत स्पीकरचं एक अ‍ॅप टाकायला लावलं. "आई, फोन एकाचा असतो, टीव्ही सगळ्यांचा. आज्जीलासुद्धा जमेल बघ." आता टीव्हीच्या पडद्यावर आमचं घर यादीसारखं दिसतं. प्रत्येक खोलीपुढे एक चौकोन आणि आवाजाची एक पट्टी. चौकोनात खूण केली की त्या खोलीत गाणं. पट्टी डावीकडे सरकवली की त्या खोलीतल्या माणसाचा हिरमोड.

खोल्यांना नावं देताना मजा झाली. यंत्रानं सुचवलेल्या यादीत लिव्हिंग रूम होती, डेन होती, पॅटिओ होता. देवघर नव्हतं. दोन खोल्यांच्या मध्ये जिथं इस्त्रीचे कपडे साठतात त्या जागेला तर कुठल्याच भाषेत नाव नाही. मी हट्टानं सगळी नावं मराठीत टाकली. मुलानं मात्र त्याच्या स्पीकरचं नाव स्वतः टाकलं होतं, ‘प्रवेश बंद’. पंधराव्या वर्षी दारावर हीच पाटी चिकटवली होती त्यानं. आता दार सताड उघडं असतं, आत कपडे वाळत घालायचा स्टँड उभा आहे, पण टीव्हीवर चारपैकी एका ओळीत रोज दिसतं : प्रवेश बंद, आवाज ३०.

तशी ही कल्पना काही कालची नाही. कॅलिफोर्नियातल्या सँटा बार्बरात २००२ साली सोनोस ही कंपनी निघाली ती एवढ्यासाठीच, की घरभर वेगवेगळ्या खोल्यांत वायरींचं जंजाळ न करता संगीत वाजावं. २००५ मध्ये त्यांचा पहिला संच बाजारात आला, त्याच्याबरोबर एक वेगळा हातात धरायचा नियंत्रक होता, रंगीत पडदा आणि फिरवायचं चाक असलेला. पुढे स्मार्टफोन आले आणि असले वेगळे नियंत्रक मागे पडले. आणि आता आमच्या घरापुरती गोष्ट टीव्हीच्या रिमोटवर येऊन थांबली. रिमोटचा उगमच मुळी आळसात आहे. अमेरिकेत झेनिथ कंपनीनं १९५० साली टीव्हीसाठी जो पहिला रिमोट काढला त्याचं नावच ‘लेझी बोन्स’. तो टीव्हीला लांबलचक वायरनं जोडलेला असे आणि लोक त्या वायरीत अडखळत. आमच्याकडे वायर नाही. अडखळायला माणसं आहेत.

एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी. चारही खोल्यांत एकच गाणं लावलं आणि हॉलमधून स्वयंपाकघराकडे चालत गेलं तर कुठेही ते तुटत नाही की मागेपुढे होत नाही. लहानपणी आजोळच्या जत्रेत खांबाखांबावर कर्णे बांधलेले असत. देवळाजवळ उभं राहिलं की "हरवलेली मुलगी मंडपात आणून द्यावी" हे वाक्य तीनदा ऐकू यायचं, "द्यावी… द्यावी… द्यावी". मला वाटायचं तीन मुली हरवल्यात. खरं कारण साधं. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे शंभर मीटरवरच्या कर्ण्याचा आवाज जवळच्या कर्ण्याच्या मागून जवळपास एक तृतीयांश सेकंदानं येतो. कानाला तेवढं अंतर सहज कळतं. आमच्या घरात हॉलपासून ओट्यापर्यंत आठ मीटरही नसतील. तेवढ्याला सेकंदाचा चाळिसावा भाग लागतो, आणि इतका बारीक उशीर कान पोटात घालतो.

पण हवेचं अंतर कान पोटात घालत असला, तरी स्पीकरांनी आपापसात चुकून चालत नाही. मुलानं मला समजावलं ते असं : गाण्याचे बारीक बारीक तुकडे प्रत्येक स्पीकरकडे थोडे आधीच येऊन पडतात, प्रत्येक तुकड्यावर तो कधी वाजवायचा ती वेळ लिहिलेली असते, आणि सगळे स्पीकर आपापली घड्याळं सतत एकमेकांशी जुळवून घेत असतात. आमच्या घरात घड्याळं जुळलेले ते चौघंच. या आगाऊ साठवणीमुळे गाणं सुरू करायचं बटण दाबल्यावर क्षण-दोन क्षण काहीच होत नाही. यांना तेवढा धीर नसतो. ते पुन्हा दाबतात. मग सुरू होऊ घातलेलं गाणं बंद होतं, हे तिसऱ्यांदा दाबतात आणि "काही दम नाही यात" असं जाहीर करतात.

एकदा पहाटे साडेपाचला यांनी प्राणायामाचा व्हिडिओ लावला आणि चुकून चारही चौकोनांत खूण केली. मी दुधाच्या पातेल्यापाशी. फळीवरून धीरगंभीर आवाज आला, "आता श्वास रोखून धरा." मी धरला. दूध उतू जाईपर्यंत पुढची सूचना आलीच नाही. सासूबाई अंथरुणात उठून बसल्या होत्या आणि डावी नाकपुडी बंद करून वाट पाहत होत्या. ‘प्रवेश बंद’मध्ये ओले टॉवेल तेवढे खोल श्वास सोडत होते.

माझी तक्रार यंत्राबद्दल नाही. सदाशिव पेठेतल्या वाड्यात आम्ही सात बिऱ्हाडं होतो आणि सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी आकाशवाणी पुण्याच्या बातम्या सातही घरांत लागायच्या. नळावरून घागर घेऊन येताना एकही बातमी चुकायची नाही. पण कुणाला आवाज नको झाला तर त्याला उठावं लागे, उंबरा ओलांडावा लागे आणि "वहिनी, जरा बारीक करता का, बाळ झोपलंय" असं तोंडानं म्हणावं लागे. मग वहिनी बाळाची चौकशी करीत, किंवा "आमच्याच रेडिओचा त्रास होतो वाटतं तुम्हाला" असं ऐकवीत. दोन्हीची सोय होती. आमचे हे पूर्वी हॉलमधून ओरडायचे, "जरा हळू कर गं!" मला उलट ओरडता यायचं. आता आवाज नुसता खाली जातो. पट्टी सरकली, विषय संपला. उत्तर द्यायचं कुणाला, स्पीकरला?

यातून वाट काढली ती सासूबाईंनी. वय शहाऐंशी, गुडघे दुखतात, हाक मारली तर कुकरच्या शिट्टीत ती मला ऐकू येत नाही. दुपारी हे बँकेत किंवा मित्रांकडे गेले की रिमोट त्यांच्याकडे असतो. एके दिवशी साडेतीनच्या सुमाराला माझं गाणं खाली गेलं, वर आलं, पुन्हा खाली गेलं. मी काय बिघडलं म्हणून बाहेर आले तर सासूबाई म्हणाल्या, "आलीस? चहा टाकतेस का गं थोडा?" तेव्हापासून ती रीतच पडली. खाली-वर-खाली म्हणजे चहा. नुसतं खाली आणि बराच वेळ तसंच म्हणजे दारावर कुणी आलंय. एकदम मोठा म्हणजे हे गाणं त्यांनाही आवडलंय, राहू दे. यांना ही भाषा ठाऊक नाही. तुम्हीही सांगू नका.

तर परवा फोडणीच्या वेळी आवाज फक्त खाली गेला होता. दारावर कुणी नव्हतं, सोफ्यावर हे होते आणि टीव्हीवर चर्चेत सहाजण एकदम बोलत होते. मी काही बोलले नाही. आमटी झाकली, मिक्सरचं भांडं काढलं, भाजलेले दाणे घातले आणि बटण फिरवलं. मिक्सरला वायफाय नाही. बाहेर टीव्हीचा आवाज वाढला. मी आणखी मूठभर दाणे घातले. टीव्ही आणखी वाढला. आठवडाभर पुरेल एवढं कूट झाल्यावर मी मिक्सर थांबवला, तर टीव्हीही गप्प झाला होता. फळीवरचं गाणं हळूच वर आलं, खाली गेलं, वर आलं, पुन्हा खाली गेलं.

रिमोट कुणाच्या हातात गेलाय ते बघायला बाहेर जायची गरज नव्हती. मी तीन कपांचं आधण ठेवलं.