टाचण्या

घरात कुठे टाचणी सापडली की मी ती अजूनही शर्टाच्या कॉलरला टोचून ठेवतो. बायको विचारते, शिंप्याकडे कामाला होतात का? शिंप्याकडे नाही, आकाशवाणीत होतो.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. मराठवाड्यातल्या एका केंद्राच्या वृत्तविभागात मी ‘कॅज्युअल’ म्हणून लागलो. महिन्याला पाच-सहा ड्युट्या, आणि पहाटेची असली की अंधारात सायकल. वृत्तसंपादकांना सगळे अण्णा म्हणत. आपल्याला पहिल्याच दिवशी माइकसमोर बसवतील अशा थाटात मी घोटून दाढी करून गेलो होतो. अण्णांनी मला टाचण्या काढायला बसवलं.

माहिती कार्यालयाच्या प्रेसनोटा, टेलिप्रिंटरचे फाडलेले कागद, अंशकालीन वार्ताहरांनी फोनवर ओरडून सांगितलेलं, सगळं टाचून गठ्ठ्याने यायचं. स्टुडिओत मात्र सुटी पानं हवीत. टाचलेलं पान उलटलं की माइक सळसळ पकडतो. “लोकांना वाटतं, बातम्या देणारा चिवडा खातोय,” अण्णा म्हणायचे. म्हणून एकाच बाजूला लिहायचं, वाक्य पानाच्या तळाशी तोडायचं नाही, वाचून झालेलं पान अलगद बाजूला सरकवायचं. काढलेल्या टाचण्या अण्णांच्या कॉलरला जायच्या. बातमीपत्र तयार होईपर्यंत कॉलरचं साळिंदर झालेलं असे.

वाक्य लांबलं की ते मधोमध पेन्सिल मारत. “पेपरवाला परत वरची ओळ वाचतो. आपला माणूस म्हशीची धार काढतोय, तो कुठे वर बघणार?” ‘सातशे पन्नास’चं ‘साडेसातशे’ व्हायचं. ‘सदरहू’ दिसलं की न बोलता काट.

पण त्यांचा खरा जीव गावांच्या नावांत. आपल्या लिपीत ज एकच, उच्चार दोन. जळगावचा ज वेगळा, जाफराबादचा वेगळा. फसण्यासारखं नाव आलं की ते ज खाली बारीक टिंब देत. पिंपळगाव आलं की हमखास विचारत, “कुठलं? बसवंत, हरेश्वर, की रेणुकाई?” मला माहीत नसे. मग ट्रंककॉल. एकदा एका पिंपळगावसाठी त्यांनी तालुक्याच्या पोलीस ठाण्यातल्या हवालदाराला झोपेतून उठवलं होतं. मला तेव्हा ही निव्वळ हौस वाटायची. थोडी होतीही.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, त्यामुळे विसर्जन करून लोक उशिरा झोपलेले. पहाटे चारच्या सुमारास पलंग हलला. मी तसाच केंद्रावर पोहोचलो, तर अण्णा आधीच फोनपाशी. लातूर लागत नव्हतं, उस्मानाबाद लागत नव्हतं. किल्लारीचं नाव कानावर आलं होतं, पण नावापुढे काही नाही. अर्ध्या तासात जे तुकडे मिळाले त्यांवरून मी बातमी लिहिली. हात थरथरत होता, पण खोटं कशाला सांगू, आयुष्यातली पहिली मोठी बातमी म्हणून छातीही फुगली होती. ‘हजारो लोक ढिगाऱ्याखाली’ असं लिहून कागद पुढे केला.

अण्णांनी ‘हजारो’वर पेन्सिल ठेवली. “कोणी मोजले?”

मी गप्प.

त्यांनी शब्द काटला. वर लिहिलं, ‘अनेक घरं पडल्याचं वृत्त आहे.’ मला ते फारच मिळमिळीत वाटलं, आणि खरं सांगायचं तर आजही थोडं वाटतं.

पुढच्या दिवसांत आकडा चढत गेला, दहा हजारांच्या आसपास जाऊन थांबला. एका संध्याकाळी न राहवून मी म्हणालो, “अण्णा, हजारोच होते.”

ते लातूरहून आलेला गठ्ठा सोडवत होते.

“होते. पण त्या सकाळी आपल्याला ठाऊक नव्हतं,” म्हणाले, आणि टाचणी कॉलरला टोचून पुढचा कागद त्यांनी माझ्याकडे सरकवला.