मध्य मधला नसतो

फळ्यावर ३, ३, ४, ६, ९ हे पाच आकडे लिहावेत आणि मराठी शाळेतल्या सातवी-आठवीच्या मुलाला ‘यांचा मध्य दाखव’ म्हणावं. तो बेधडक ४ वर बोट ठेवतो आणि आपण त्याला चूक म्हणतो. त्याचं चुकलं काय? मध्यरात्र, मध्यान्ह, मध्यमवर्ग, जिथं तिथं मध्य म्हणजे मधलं हेच तो ऐकत आलाय. गणिताच्या पुस्तकात मात्र बेरीज करून भागल्यावर येणाऱ्या ५ ला मध्य म्हणतात, आणि खरोखर मधोमध बसलेल्या ४ ला मध्यक. सगळा धडा त्या एवढ्याशा ‘क’वर तोललेला. इंग्रजी माध्यमातल्या मुलांना मीन, मीडियन, मोड अशा तीन ‘म’कारांचा जाच असतो. आपल्याकडे निदान तिसऱ्यानं तरी नावातच स्वतःचा अर्थ सांगून टाकलाय: बहुल, म्हणजे सर्वांत जास्त वेळा आलेला, तो बहुलक.

म्हणून पहिले चार-पाच तास ‘मध्य’ हा शब्द फळ्यावर येऊच देऊ नये. सरासरी म्हणावं. हा शब्द फारसीतून आलेला असला तरी आता घरातलाच आहे. आणि सरासरी म्हणून कुणी बावरलं, तर ‘गाडीचं ॲव्हरेज’ म्हणावं. लिटरमागं किती किलोमीटर, हा हिशेब चौथीतल्या पोरालाही बापाच्या तोंडून पाठ असतो. मध्यकाच्या ‘क’चं काय करायचं? तो क्रमाचा ‘क’ आहे असं सांगून टाकावं. व्युत्पत्तीच्या दृष्टीनं हे साफ खोटं आहे, पण आकडे क्रमानं लावल्याशिवाय मध्यकाला हात लावायचा नाही, हे त्या ‘क’मुळं जन्मभर लक्षात राहतं. एवढ्या खोट्याचं पाप लागत नसावं.

सरासरी शिकवायला चिंचोके उत्तम. शेंगदाणे घेऊ नयेत, तास संपेपर्यंत बेरीज कमी होत जाते. पाच मुलांपुढं ३, ३, ४, ६, ९ अशा ढिगल्या ठेवायच्या. अट एकच: एकूण मोजायचं नाही, भागायचं नाही, फक्त जास्तवाल्यानं कमीवाल्याला देत राहायचं, सगळ्या ढिगल्या सारख्या होईपर्यंत. नऊवाला चार देतो, सहावाला एक देतो. तिनाच्या दोघांना दोन-दोन मिळतात, चाराला एक. पाच गेले, पाच आले, सगळ्यांकडं पाच-पाच. बेरीज-भागाकाराचा नियम यानंतर सांगितला की तो नियम वाटत नाही, आत्ताच केलेल्या कामाचा जवळचा रस्ता वाटतो.

चिंचोक्यांची एक मर्यादा आहे. २६ चिंचोके दिले की एक उरतो आणि भांडण सुरू होतं. सरासरी अपूर्णांकात येऊ शकते हे दाखवायला मग कागदाच्या पट्ट्या घ्याव्यात. ३, ५, ६ आणि ८ सेंटीमीटरच्या चार पट्ट्या एकापुढं एक जोडल्या की २२ सेंटीमीटरची एक लांब पट्टी होते. ती अर्ध्यात दुमडायची, पुन्हा अर्ध्यात दुमडायची आणि मोजायची: साडेपाच. आकडे मुद्दाम चारच घ्यायचे, कारण पट्टीच्या पाच समान घड्या घालणं मोठ्यांनाही जमत नाही. इथं हमखास होणारी चूक म्हणजे डिंक. डिंकानं चिकटवायचं तर एक टोक दुसऱ्यावर चढवावं लागतं. एकेका जोडात अर्धा सेंटीमीटर गेला तरी तीन जोडांत दीड जातो आणि घडी ५.१ च्या आसपास येते. टोकाला टोक भिडवून मागून चिकटपट्टी लावावी.

हे सपाट करणं खणणाऱ्यांच्याही कामाचं होतं. भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या लीलावतीत खड्ड्याचं माप काढायची रीत आहे: अनेक ठिकाणी रुंदी मोजा, बेरीज करा, जितक्या ठिकाणी मोजलं तितक्यानं भागा, लांबी आणि खोलीचंही तसंच. येणाऱ्या मापाला ते सममिती म्हणतात. उदाहरणातल्या वाकड्यातिकड्या खड्ड्याची लांबी तीन ठिकाणी १०, ११, १२ हात, रुंदी ६, ५, ७ आणि खोली २, ४, ३ हात. सरासऱ्या येतात ११, ६ आणि ३. गुणाकार १९८ घनहात. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी लीलावतीवरच्या १५४५ सालच्या टीकेत, म्हणजे स्पष्टीकरणाच्या ग्रंथात, पुढं म्हटलंय की जितक्या जास्त ठिकाणी मोजाल, तितकं हे माप खऱ्याच्या जवळ जाईल. शाळेच्या मैदानात उंच उडीचा खड्डा असेल तर हे गणित वहीत कशाला सोडवायचं? फूटपट्टी घेऊन खड्ड्यातच उतरावं.

सरासरीचं दुसरं रूप तराजूचं. एक फूटपट्टी, एक सहा बाजूंची पेन्सिल आणि एक रुपयाची पाच सारखी नाणी. आपल्या ढिगल्यांच्या आकड्यांची तिप्पट करायची: ९, ९, १२, १८, २७. नऊवर दोन नाणी एकावर एक, बाकी खुणांवर एकेक. पेन्सिल १५ च्या खुणेखाली आली की पट्टी तोलली जाते, आणि १५ हीच या पाचांची सरासरी. एका बाजूला तीन नाणी, दुसऱ्या बाजूला दोनच, तरी तोल! कारण सत्ताविसावर बसलेलं नाणं १२ सेंटीमीटर लांबून जोर लावतंय. डावीकडं ६, ६ आणि ३. उजवीकडं ३ आणि १२. दोन्हीकडं पंधरा.

तिप्पट का, तर दोन कारणांनी. मूळ आकडे तसेच ठेवले तर ३ आणि ४ मध्ये एकाच सेंटीमीटरचं अंतर, आणि रुपयाचं नाणं निदान दोन सेंटीमीटर रुंद. नाणी एकमेकांवर चढतात. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. पट्टीला स्वतःचं वजन असतं आणि ते तिच्या मध्यावर, म्हणजे पंधराच्या आसपास असतं. सरासरी ५ असलेली नाणी मांडून पेन्सिल पाचाखाली ठेवली तर पट्टी उजवीकडं धाडकन आपटते आणि वर्गाची खात्री पटते की सर खोटं सांगतात. म्हणून सरासरी पंधरालाच येईल असे आकडे निवडायचे. आधी नुसती पट्टी तोलून बघावी. लाकडी पट्टीला शून्याआधी आणि तिसानंतर मोकळी जागा सोडलेली असते, ती दोन्हीकडं सारखी नसली तर तोल साडेचौदावर येतो. पेन्सिल गोल नको, घरंगळते.

मध्यकाला इतका सरंजाम लागत नाही. अकरा मुलं उंचीनुसार रांगेत उभी करायची. पहिला आणि शेवटचा एकदम खाली बसतात, मग दुसरा आणि शेवटून दुसरा, असं करत एकटा उभा राहील तो मध्यक. बारा मुलं असली तर दोघं उरतात. १४२ आणि १४५ सेंटीमीटरची उरली तर मध्यक १४३.५. एवढ्या उंचीचं त्या रांगेत कुणीच नाही, यावर वर्गात जरा चर्चा होऊ द्यावी. मग सगळ्यांना उठवून सर्वांत उंच मुलाला ४५ सेंटीमीटर उंचीच्या बाकावर चढवायचं. मध्यक ढिम्म हलत नाही. सरासरी मात्र ४५ भागिले १२, म्हणजे पावणेचार सेंटीमीटरनं वर जाते. बारांतला एकच जण बाकावर चढला आणि कागदावर सगळेच वाढले.

चुका तपासताना मात्र शिक्षकानंच सावध राहावं लागतं. आपल्या ३, ३, ४, ६, ९ या आकड्यांचंच बघा. वर्गात खेळायला ते छान आहेत, पण परीक्षेत घातक. मध्यक काढताना एक मुलगा उत्तर ३ लिहितो. आपल्याला वाटतं, यानं बहुलक काढला. त्यानं केलेलं असतं वेगळंच: आकडे पाच, पाचात एक मिळवून सहा, निम्मे तीन. म्हणजे जागेचा क्रमांक काढला आणि त्या जागेवर कोण बसलंय ते पाहिलंच नाही. दुसरी मुलगी ५ लिहिते. आपण म्हणतो, हिची सरासरीशी गल्लत झाली. तिनं रांग लावताना ३ हा आकडा एकदाच लिहिलेला असतो, कारण ‘तोच आकडा दोनदा कशाला?’ उरले ३, ४, ६, ९. मधले दोन ४ आणि ६. त्यांची सरासरी ५. उत्तरावर लाल फुली मारून जी चूक दुरुस्त करायला आपण बसतो, ती तिनं केलेलीच नसते. परीक्षेत आकडे असे द्यावेत की प्रत्येक चुकीचं उत्तर वेगळं यावं: उंची, वजनं, दोन-तीन अंकी संख्या. आणि द्यावेत विस्कटलेलेच. ९, ३, ६, ३, ४ असे दिले की जो रांग लावत नाही तो ६ लिहितो आणि लगेच ओळखू येतो.

मोबाइलच्या कॅल्क्युलेटरची चूक याहून सोपी. ३+३+४+६+९÷५ असं सलग दाबलं की फक्त नवाला पाचानं भाग जातो आणि १७.८ येतात. सर्वांत मोठी ढिगली नऊची, मग सरासरी सतरा कुठून? सरासरी सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या आकड्याच्या आतच राहते, हे एक वाक्य भिंतीवर लावण्याच्या लायकीचं आहे.

शून्याचं दुखणं जुनं. शून्य मिळवून बेरीज वाढत नाही, म्हणून मुलं ते भागाकारातूनही वगळतात. इथं क्रिकेट उपयोगी पडतं. डॉन ब्रॅडमन १९४८ मध्ये ओव्हलवर शेवटच्या कसोटीत उतरले तेव्हा त्यांच्या ६९९६ धावा होत्या आणि ते ६९ वेळा बाद झाले होते, सरासरी १०१.३९. त्या डावात ते शून्यावर बाद झाले. धावा तेवढ्याच, भाजक ७०, सरासरी ९९.९४. चार धावा झाल्या असत्या तर बरोबर १००. शून्याचं वजन याहून चांगलं कुठल्या उदाहरणात सापडणार! पण एक धोंड आधीच बाजूला करावी. फलंदाजाची सरासरी डावांवर नाही, किती वेळा बाद झाला त्यावर काढतात. ब्रॅडमन ८० डाव खेळले, १० वेळा नाबाद राहिले. ८० नं भागलं तर ८७.४५ येतात. ‘एकूण भागिले किती वेळा’ हा नियम नुकता शिकलेल्या मुलाला हे कळलं की तो पेचात पडतो, आणि त्याचं पेचात पडणं योग्यच आहे.

वारंवारता सारणी, म्हणजे कुठला आकडा किती वेळा आला त्याचा तक्ता, आली की मुलं ओळी मोजतात, माणसं विसरतात. चाळीस मुलांच्या वर्गात घरातली माणसं विचारली: तीन माणसांची घरं ६, चाराची १५, पाचाची १०, सहाची ६ आणि बारा माणसांची ३. घाईत ३, ४, ५, ६, १२ यांची बेरीज ३०, भागिले पाच, उत्तर ६. खरा हिशेब १८, ६०, ५०, ३६ आणि ३६ मिळून २०० माणसं, चाळीस घरं, सरासरी ५. फरक समजावून सांगण्यापेक्षा सारणी एकदा उलगडून लिहायला लावावी: सहा वेळा ३, पंधरा वेळा ४... फळा भरतो, हात दुखतो, आणि गुणाकार कशासाठी होता ते न सांगता कळतं. याच सारणीचा बहुलक विचारला की अर्धा वर्ग १५ म्हणतो. पंधरा ही घरांची संख्या झाली, बहुलक म्हणजे माणसं, चार. ‘निवडून कोण आलं?’ असं विचारलं तर कुणी ‘बाराशे मतं’ म्हणत नाही, उमेदवाराचं नाव सांगतं.

बहुलकाला आपण उगाच धाकटा समजतो. आवडती भाजी कोणती या प्रश्नाला सरासरी काय कामाची? भेंडी अधिक मेथी भागिले दोन होत नाही. तिथं एकटा बहुलकच चालतो. चपलांच्या दुकानदारालाही कुठल्या नंबरचे जोड जास्त ठेवायचे ते तोच सांगतो. मात्र बहुलक कधी दोन असतात, कधी नसतोच. नसला तर ‘बहुलक नाही’ असं लिहायचं. ० लिहिलं तर शून्य हाच आकडा सर्वांत जास्त वेळा आला असा अर्थ होतो. आणि वर्गाच्या हजेरी क्रमांकांची सरासरी काढून दाखवणारं पोर प्रत्येक वर्गात एक असतंच. तिचा उपयोग काय, एवढंच त्याला विचारावं.

शेवटच्या तासाला सगळं उलटं करायचं. आकडे द्यायचे नाहीत, उत्तरं द्यायची: पाच नैसर्गिक संख्या अशा शोधा की सरासरी ५, मध्यक ४ आणि बहुलक ३. मुलं आधी चाचपडतात, मग कुणीतरी रांगेत मधोमध ४ ठेवतं. डावीकडं दोन्ही ३ च बसतात, कारण बहुलक व्हायला ३ निदान दोनदा यायला हवा आणि त्याला चाराच्या उजवीकडं जागा नाही. झाले दहा. बेरीज हवी २५, म्हणजे शेवटच्या दोघांत पंधरा उरले. ६ आणि ९ ही आपली ओळखीची जोडी. ७ आणि ८ चालते, ५ आणि १० चालते. तेवढ्यात मागच्या बाकावरून ४ आणि ११ ऐकू येतं. क्रम बरोबर, बेरीज बरोबर, मध्यकही ४ च. यावर लगेच हो किंवा नाही म्हणू नये. खडू त्याच मुलाच्या हातात द्यावा आणि बहुलक फळ्यावर लिहायला सांगावं.