गोव्याचं पुठ्ठ्याचं मॉडेल, अपडेट 3: लाल दोरा उपटला

मंडळी, फोटो टाकणार होतो पण रविवारी कणकुंबीला (कर्नाटकात, आमच्या बेळगाव जिल्ह्यातलं गाव) जाऊन आलो आणि त्याच रात्री पूर्वेकडची अख्खी बाजू खरवडून काढायची वेळ आली.

नवीन लोकांसाठी थोडक्यात, स्केल 1:1,00,000, म्हणजे एक सेंटिमीटरला एक किलोमीटर, आणि दर 100 मीटर उंचीला 2 मिमी पुठ्ठ्याचा एक थर, आणि लाल दोरा म्हणजे गोव्याची सीमा. उंची मुद्दाम दुप्पट केलीय, नाहीतर सह्याद्री पापडासारखा दिसतो. (बेळगावात कुणाला "सीमेचं काम करतोय" म्हटलं की समोरचा एकदम गंभीर होतो, मग सांगावं लागतं की ती नव्हे हो, गोव्याची.)

जुन्या काबिजातींचे (पोर्तुगीजांनी आधी जिंकलेल्या भागांचे) तुकडे मात्र मस्त झालेत, तिसवाडी, बारदेश, साष्टी, उचलून बाजूला ठेवता येतात. तिथं काम सोपं, कारण हद्द म्हणजे बहुतेक पाणीच, बारदेशला वर शापोरा नदी खाली मांडवी, आणि तिसवाडी मांडवी-झुआरीच्या मधे. नव्या काबिजाती 1763 ते 1788 मधे आल्या, पेडणे सगळ्यात शेवटी, आणि तेव्हा हद्द नद्या सोडून घाटाला येऊन टेकली. इथंच मी माती खाल्ली.

मी धरून चाललो की पाणी गोव्याकडं उतरतं तिथून गोवा चालू, म्हणून कंटूर (समान उंचीच्या रेषा) बघून डोंगराच्या धारेवरनं लाल दोरा फेविकॉलनं चिकटवून मोकळा. कणकुंबीत मलप्रभेचा उगम, ते पाणी कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराला जातं, आणि त्याच गावाजवळचा कळसा नाला पश्चिमेला म्हादईकडं पळतो. दोन्ही खानापूर तालुक्यातच की! म्हादईसुद्धा आपल्याच भीमगडच्या जंगलातनं निघते. म्हणजे पाणलोटाची धार आपल्या हद्दीत आत आहे आणि राज्याची सीमा तिच्या पश्चिमेला खाली. माझ्या दोऱ्यानं तालुक्याचा मोठा लचका फुकटात गोव्याला देऊन टाकलेला. चहाच्या टपरीवर मालकांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "पाणी जाऊ दे की गोव्याला, रेशनकार्ड इथलंच आहे."

घरी येऊन ओल्या फडक्यानं दोरा काढायला गेलो तर पुठ्ठ्याचा वरचा कागदच सोलून आला, तीन थर परत कापले. आता धारेला निळा आणि सीमेला लाल असे दोन दोरे आहेत, आणि खरं सांगू तर दोघांमधली ती जागाच आता मॉडेलमधली सगळ्यात बघण्यासारखी झालीय.

तेरेखोलला उलटं. तिथं नदीच सीमा वाटते पण किल्ला उत्तर काठावर आणि तरी गोव्यात, कारण तो मूळ सावंतवाडीकर भोसल्यांचा, 1746 मधे पोर्तुगीजांनी घेतला. म्हणून लाल दोरा तिथं नदी ओलांडून पलीकडं जातो आणि एवढ्याशा जागेत तो वळवताना बोटं चिकटतात.

दक्षिणेला पोळेपर्यंत (गोव्याचं शेवटचं गाव) मापून बेस कापलेला, अंजदीव विसरलोच. बेट कारवारसमोर पण गोव्याचं, शेंगदाण्याएवढ्या तुकड्यासाठी खालून प्लायची पट्टी जोडावी लागली.

खडे बाजारात पुठ्ठा 2 मिमीच मिळतोय, किनाऱ्याच्या सपाट भागाला 1 मिमी पाहिजे, बेळगावात कुठं मिळतो कुणाला माहीत आहे का?