डेव्हिसची हजेरी

31 जानेवारी 2025 ला रात्री आमच्या बास्केटबॉल फॅन्टसी लीगच्या ग्रुपवर अदलाबदलीची ऑफर आली. माझा जेलन जॉन्सन द्यायचा आणि अँथनी डेव्हिस घ्यायचा. जॉन्सनचा खांदा आठवडाभरापूर्वीच गेलेला, ऑपरेशन ठरलेलं, हंगाम संपलेला. डेव्हिस सामन्यामागे 25 च्या वर पॉइंट आणि जवळपास 12 रिबाउंड (नेम हुकल्यावर पकडलेले चेंडू) काढत होता. सगळे माझ्यावर तुटून पडले, "लका, डोळे झाकून घे!"

आमची फॅन्टसी लीग आठ जणांची. अमेरिकेतल्या एनबीए या बास्केटबॉल लीगचे खरे खेळाडू आपल्या कागदी संघात घ्यायचे आणि त्यांच्या खेळावर आपले गुण मोजायचे. बक्षीस पाच किलो भडंग. पण नियम कडक आहेत. खेळाडू पुढच्या हंगामातही आपल्याकडेच राहतो आणि त्याचा एनबीएतला खरा पगार आपल्या मर्यादेत मोजला जातो. हे दोन नियम नसते तर मीही डोळे झाकूनच घेतला असता.

पहिल्या रात्री एक्सेलमध्ये नुसते पॉइंट-रिबाउंड मांडले. डेव्हिस कुठल्या कुठे पुढे. मी तिसऱ्या नंबरवर होतो, हाव सुटलीच होती.

दुसऱ्या दिवशी मार्केट यार्डात काकांच्या अडत दुकानात बसलो होतो. हळदीची आवक सुरू झालेली, काका हमालांची वही लिहीत होते. विषय निघाला तसं विचारलं, "पगार किती त्याचा?" पुढच्या हंगामात 54 मिलियन डॉलर, म्हणजे साडेचारशे कोटींच्या वर. काकांनी पेन थांबवलं. "आणि हजेरी?"

हे मी बघितलंच नव्हतं. 2020-21 मध्ये 72 पैकी 36 सामने, मग 82 पैकी 40, मग 56. पण 2023-24 मध्ये 76! आता याला दुखणाईत म्हणायचं की नाही? आणि जॉन्सन तरी कुठे धड? आधीच्या हंगामात 56, यंदा 36 वर कारभार आटोपला. हजेरीत दोघं सारखेच धरले. उरलं वय आणि पगार. डेव्हिस मार्चमध्ये 32 चा होणार, जॉन्सन 23 चा आणि त्याचा नवा करार पाच वर्षांचा, 150 मिलियनचा. म्हणजे डेव्हिसच्या एका वर्षाच्या पैशात जॉन्सनची पावणेदोन वर्षं निघतात.

शिवाय समोरचा मित्र तळाला होता. यंदा त्याला डेव्हिसचा उपयोग शून्य, गरज त्याचीच. मी म्हटलं, सोबत ड्राफ्टची पहिली फेरी दे, म्हणजे नवे खेळाडू निवडायचा तुझा पहिल्या फेरीतला हक्क. त्यानं अंगठा खाली केला.

रविवारी, 2 तारखेला, पावणेअकराच्या सुमारास बातमी आली. डॅलस संघानं आपला हुकमी स्टार लुका डॉन्चिच लेकर्स संघाला दिला आणि बदल्यात त्यांचा डेव्हिस घेतला. आधी वाटलं, बातमी देणाऱ्याचं अकाउंट हॅक झालंय. मित्राला मात्र आयतं कोलीत मिळालं. "त्यांनी 25 वर्षांचा लुका दिला डेव्हिससाठी, आणि तू जॉन्सन देईनास?"

खरं सांगतो, तासभर मी गडबडलो. मग लक्षात आलं, डॅलसनं बाकीच्या संघांना विचारलंच नव्हतं. रुमालाखालचा सौदा तो, त्यावरून बाजारभाव कसा काढणार? सोबत ड्राफ्टच्या पहिल्या फेरीचा एकच हक्क मिळाला, तोही 2029 चा. आदल्याच उन्हाळ्यात, निवडक खेळाडूंच्या ऑल-स्टार सामन्यात एकदाही न आलेल्या मिकल ब्रिजेससाठी निक्स संघानं पहिल्या फेरीचे असे पाच हक्क मोजले होते. हे सगळं ग्रुपवर टाकलं. मित्रानं फक्त हात जोडल्याची खूण पाठवली. 6 तारखेला आमची अदलाबदलीची मुदत संपली, ट्रेड झाला नाही.

9 तारखेला उठून फोन बघितला. डेव्हिसचा डॅलसकडून पहिला सामना, 31 मिनिटांत 26 पॉइंट, 16 रिबाउंड, आणि तिसऱ्या क्वार्टरमध्ये मांडी धरून बाहेर. मी काही फार शहाणा ठरलो नाही. तो पहिल्याच दिवशी बसेल असं मलाही वाटलं नव्हतं, आणि भडंगही मला मिळालं नाहीच, चौथा आलो.

25 मार्चला पहाटे पाचला ब्रुकलिनविरुद्ध तो परत उतरला. यार्डात गेल्यावर काकांना सांगितलं.

"मधले खाडे कापले का?"

कापत नाहीत म्हटल्यावर त्यांनी वहीतून मान वर केली.