एरर दिसायला सात सेकंद

रायबंदर–चोडण फेरीबोटीच्या वेळा दाखवणारा कॉम्पोनंट (वेब पानाचा स्वतंत्र भाग) पणजीच्या आमच्या टीमकडे होता. डेटा येईपर्यंत लोडर, आला की यादी, सर्व्हर बंद असेल तर 'वेळा मिळाल्या नाहीत'. लोडरची आणि यादीची टेस्ट पटकन झाली. एररच्या टेस्टने मात्र जीव खाल्ला.

मॉक सर्व्हिस वर्कर, म्हणजे टेस्टमध्ये सर्व्हरचं सोंग घेणारी लायब्ररी, ५०० (सर्व्हर बिघडल्याचा कोड) उत्तर देत होता. टेस्टमध्ये लोडर दिसायचा, तो दिसतच राहायचा, आणि संदेश सापडला नाही म्हणून टेस्ट नापास. ब्राउझरमध्ये मात्र तोच संदेश, थोड्या वेळाने का होईना, नीट यायचा. जो तो सांगे, "टाइमआउट वाढव गं." वाढवला. मग टेस्ट चालवणाऱ्या जेस्टचीच ५ सेकंदांची मर्यादा आडवी आली. या सल्ल्याची चीड मला अजून आहे, कारण त्याने खरं कारण झाकलं जातं.

शेवटी मॉकच्या हँडलरमध्ये (रिक्वेस्टला उत्तर देणाऱ्या फंक्शनमध्ये) एक कन्सोल लॉग टाकला. एकाच टेस्टमध्ये तीच रिक्वेस्ट पुन्हा पुन्हा छापली जात होती, आणि दर वेळी मधलं अंतर वाढत होतं! आमचा कॉम्पोनंट डेटा आणायला वापरतो ती टॅनस्टॅक क्वेरी लायब्ररी फसलेली रिक्वेस्ट आपणहून आणखी ३ वेळा पाठवते: आधी १, मग २, मग ४ सेकंद थांबून. म्हणजे एरर कळायला किमान ७ सेकंद. टेस्टमध्ये स्क्रीनवरचा मजकूर शोधणारं फाइंडबायटेक्स्ट थांबतं १ सेकंद. संदेश येण्याआधीच टेस्ट संपलेली असायची.

अ‍ॅपमधला रिट्राय (ही पुन्हा पाठवण्याची सोय) मी काढला नाही, काढूही नये. फेरीबोटीत रेंज आली-गेली तर प्रवाशाला तोच उपयोगी पडतो. फक्त टेस्टसाठीच्या क्वेरीक्लायंटमध्ये (टॅनस्टॅकची सेटिंग आणि आणलेला डेटा ठेवणाऱ्या ऑब्जेक्टमध्ये) 'रिट्राय: फॉल्स' लिहिलं आणि टेस्ट क्षणात पास झाली. इतकं हलकं वाटलं!

हा क्वेरीक्लायंट प्रत्येक टेस्टला नवा हवा. एकच वापरला तर आधीच्या टेस्टची यादी कॅशमधून एररच्या टेस्टमध्ये डोकावते, मग एकटी चालवली की पास, सगळ्यांबरोबर नापास. हँडलरही प्रत्येक टेस्टनंतर रीसेट करा.

जेएसडॉममध्ये (टेस्टसाठीच्या नकली ब्राउझरमध्ये) रिक्वेस्ट पाठवणारं फेच नसतं हे आधी सांगायला हवं होतं. जेस्ट वापरत असाल तर त्यासाठी 'जेस्ट-फिक्स्ड-जेएसडॉम' हे पॅकेज घ्या. मॉक सर्व्हिस वर्करची २०२३ पूर्वीची उदाहरणं उतरवू नका. दुसऱ्या आवृत्तीत हँडलर लिहायला 'रेस्ट' जाऊन 'एचटीटीपी' आलं. लोडर गेला हे तपासायला क्वेरीबाय वापरा, घटक सापडला नाही की गेटबाय तिथे थेट एरर फेकतं.

आणि एवढं करूनही एररची टेस्ट अडली, तर कॉम्पोनंटच्या यूजक्वेरीमध्येच (टॅनस्टॅककडून डेटा मागवणाऱ्या कॉलमध्ये) कुणी रिट्रायचा आकडा लिहिलाय का बघा. तिथला आकडा क्लायंटच्या सेटिंगवर मात करतो.