तुम्ही विचारलंत म्हणून: गोळ्या अजून चालूच?

शेजारच्या काकू दर चार-आठ दिवसांनी विचारतात, "आता तं चांगली दिसून राहिली, मंग गोळ्या कायले खाऊन राहिली अजून?" लग्नाकार्यात भेटणारेही तेच विचारतात. म्हणून एकदा नीट सांगते.

मला पेम्फिगस व्हल्गॅरिस आहे, म्हणजे तोंडात आणि अंगावर फोड आणणारा रोग. सुरुवात तोंडातून झाली. गाल आतून सोलले, हिरड्यांतून रक्त यायचं. नागपूरचा मे महिना, त्यामुळे सगळे म्हणाले, उष्णता. बी-कॉम्प्लेक्स आणि सब्जा यांवर मी चार महिने काढले. तर्री पोहे सोडाच, संत्र्याची फोडही झोंबायची. मग पाठीवर फोड आले. फुटले की खाली ओली जखम, आणि चादर तिला चिकटायची. आईनं केळीची पानं धुऊन, पुसून गादीवर अंथरली. त्या गार, गुळगुळीत पानांवर मी कित्येक रात्रींनंतर सलग झोपले.

निदान झालं ते धंतोलीत, बायोप्सीनंतर. डॉक्टरांनी समजावलं ते असं: त्वचेच्या पेशी डेस्मोग्लीन नावाच्या प्रथिनानं एकमेकींना जोडलेल्या असतात. माझीच प्रतिकारशक्ती त्या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडं, म्हणजे अँटीबॉडी, बनवते. टाके उसवतात, मधल्या फटीत पाणी भरतं, तोच फोड. म्हणून हा रोग कुणाला लागत नाही, माझ्या ताटात जेवलात तरी.

आणि म्हणूनच फोड सुकले तरी काम संपत नाही. प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशी अंगातच असतात, गोळ्या त्यांना आवरण्यासाठी आहेत. सुरुवात रोज ६० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडनं झाली, जोडीला प्रतिकारशक्ती दाबणारं अ‍ॅझाथायोप्रिन. त्याचा गुण यायला काही आठवडे जातात, तोवर भार स्टिरॉइडवरच. स्टिरॉइडला सरसकट नावं ठेवणाऱ्यांना मी एवढंच सांगते की १९५० च्या आधी, ते हाताशी नव्हतं तेव्हा, या रोगाचे बहुतेक रुग्ण दगावत.

त्रास मलाही झाला. चेहरा सुजला, साखर वाढली. पुतण्याच्या लग्नातले फोटो डोळ्यांसमोर आले आणि मी मनानंच गोळ्या बंद केल्या. चौथ्या दिवशी मळमळ सुरू झाली, उभं राहवेना. दुसऱ्या आठवड्यात तोंड पुन्हा सोललं. बाहेरून स्टिरॉइड मिळत असलं की मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी स्वतःचं बनवणं जवळजवळ थांबवतात, त्यांना पुन्हा कामाला लागायला वेळ द्यावा लागतो, हे मला तेव्हा कळलं. डोस उतरवायचा तो डॉक्टरांनी, तोही हळूहळू.

आता साडेसात मिलिग्रॅमवर आहे. ठरल्या वेळी रक्त तपासायचं: पांढऱ्या पेशी, लिव्हर, साखर. ताप आला तर त्याच दिवशी फोन. पुढचा रिपोर्ट चांगला आला तर पाच. तोवर रोज सकाळी आधी पोहे, मग गोळी. काकू माझी वाटी बिनतर्रीची पाठवतात.